एकशे नऊ पराभवांचा अहवाल

शहाण्णव साली डेट्रॉइटच्या बेसबॉल संघाने हरण्याचं काम ज्या निष्ठेने केलं, तेवढ्या निष्ठेने डेट्रॉइटशेजारच्या अख्ख्या नोव्हाय गावात दुसरं कुणी काही करत नव्हतं. मोटारींचे इंजिनिअरसुद्धा शुक्रवारी चारच्या ठोक्याला पार्किंग लॉटकडे पळत. संघाला मात्र रजा म्हणून ठाऊक नव्हती. तो घरच्या मैदानावर हरायचा, परगावी विमानाने जाऊन हरायचा, चार जुलैच्या आसपास देश फटाके उडवत असताना हरायचा. आणि कधी चुकून जिंकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मेहनत करून ती चूक भरून काढायचा.

हे सगळं न चुकता बघणारा माणूस होता एकच, आणि तोही अमेरिकन नव्हता. शंकरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. नागपूरची भीमजयंती आटोपून एप्रिलमध्ये मुलाकडे, राकेशकडे, सहा महिन्यांसाठी आले होते. दारात पाय ठेवला तेव्हा ऊन होतं, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. घराबाहेर चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे अपार्टमेंटची टपालपेटी. तिथे दोनदा जाऊन आल्यावर शंकररावांचं अमेरिकादर्शन संपलं आणि ते टीव्हीसमोर बसले.

त्यांची सून दीक्षा मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. तिच्या व्हिसावर नोकरी करायची बंदी होती, त्यामुळे एवढ्या शिक्षणाचा सगळा भार एकाच जीवावर पडला होता. तो जीव म्हणजे मैत्री, अडीच वर्षांची लेक. दीक्षा तिचं खाणं बघे, झोप बघे, जीभ बघे, कान बघे. मायक्रोस्कोप नव्हता म्हणून, नाहीतर तेही झालं असतं. आणि इतकं बघूनही जे दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं. मैत्री बोलत नव्हती.

बोबडं नाही, अर्धवट नाही. काहीच नाही. पाणी हवं असलं की हात धरून फ्रिजपाशी न्यायची. रागावली की पालथी पडायची. सांगितलेलं सगळं कळायचं तिला. "चप्पल आण" म्हटलं की चप्पल यायची, तीही योग्य पायाची. पण तोंडातून शब्द म्हणून येत नव्हता.

"आमचा राकेश तीन वर्षांचा होईतो मुका होता," शंकरराव सांगत. "आता बघ, मीटिंगमधी ऐकत नाही कोणाला."

"मामाजी, तो काळ वेगळा होता," दीक्षा म्हणायची. सासऱ्यांना ती नागपूरकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणे. काळ वेगळा असल्याने मुलांच्या जिभेत नेमका काय फरक पडतो, हे तिला एम.एस्सी.त कुणी शिकवलं नव्हतं. पण काळजीला कारण लागत नाही, आणि वेळ तिच्याकडे भरपूर होता.

तर टीव्ही. शंकररावांना खेळ दोन दिवसांत समजला. समजला नाही तो अमेरिकन कॉमेंट्रीवाला. "हा तोंडात गरम आलू धरून बोलून राहिला बाप्पा," असं म्हणून त्यांनी आवाज पूर्ण बंद केला आणि स्वतः सुरू झाले.

त्यांना ते नवीन नव्हतं. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या मैदानावर दर जयंतीला टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा व्हायच्या, आणि वीस वर्षं लाउडस्पीकरवर माईक शंकररावांच्या हातात असायचा. बॅट्समन कुणाचा जावई, बोलर कुठल्या वॉर्डात उधारी ठेवून आहे, इथपासून सगळं त्या कॉमेंट्रीत यायचं. लोक म्हणे मॅच बघायला कमी आणि ऐकायला जास्त येत.

आता तोच आवाज नोव्हायच्या टू-बेडरूममध्ये घुमू लागला. रेल्वेचा माणूस, त्यामुळे बेसबॉलचा चौकोन त्यांच्या लेखी लूप लाइन होती. फलंदाज उभा राहतो ते नागपूर. पहिला बेस अजनी, दुसरा बुटीबोरी, तिसरा वर्धा, आणि फिरून परत नागपूर.

"तर मंडळी, गडी अजनीला लागला... मागचा येतो का त्याला ढकलायला? येतो... येतो... नाही आला! फटका मारायच्या आधी पाय मोजून राहिला हा. अजनीवाला तसाच उभा. चहावाला पण येत नाही बिचाऱ्याकडे. अन् डाव संपला! गाडी आउटर सिग्नलला, प्रवासी पायी घरी!"

मैत्री त्यांच्या मांडीवर बसलेली असे. टीव्हीकडे तिचं लक्ष नसायचं. ती आजोबांच्या हनुवटीवर तळहात ठेवायची आणि तोंडाकडे टक लावून बघत राहायची. आवाज चढला की डोळे मोठे करायची. दीक्षाने हे बघितलं होतं. तिने नोंद घेतली, आणि लगेच हात धुतले का ते विचारलं.

मे महिन्यात संघाने हरण्याचा असा सपाटा लावला की राकेशच्या कंपनीत लोक फुकट तिकिटं एकमेकांच्या डेस्कवर गुपचूप टाकून पळू लागले. राकेश ब्रेकच्या पार्ट्सचं डिझाइन करायचा. तो म्हणायचा, "बाबा, यांना ब्रेक लावायची गरजच नाही. गाडी सुरू होईल तर नं!"

"असं नको म्हणू," शंकरराव म्हणत. "बारा वर्षांआधी हे लोक जगज्जेते होते. माणसाचा टाइम असते."

हा सगळा विनोद चालू असताना दीक्षाने जुलैत क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली.

कानाची तपासणी झाली. कान उत्तम. तिला कागदाचा कपटा चुरगाळलेलासुद्धा ऐकू येत होता. मग स्पीच थेरपिस्ट, कॅरन नावाची. गोड, पातळ आवाजाची, कानात डुलणारे लाकडी पोपट. तिने मैत्रीला बाहुली दाखवली, गाय दाखवली, बस दाखवली. मैत्रीने तिला तिचे पोपट दाखवले, बोटाने.

"घरात कोणती भाषा बोलता?" कॅरनने विचारलं.

दीक्षाने प्रामाणिकपणे सांगितलं. मराठी, थोडी हिंदी, आणि इंग्रजी तर असतेच मध्ये मध्ये.

कॅरनने मान अशी डोलावली, की जणू घरात गॅस गळतोय हे तिला दारातच वासावरून कळलं होतं. मूल गोंधळलंय. एक भाषा ठेवा. शाळा इंग्रजीत होणार, तेव्हा इंग्रजी. घरातल्या सगळ्यांनी, सगळा वेळ. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

दीक्षा गाडीत बसली ती अपराधी होऊनच. अडीच वर्षं आपण लेकीच्या डोक्यात तीन भाषांची खिचडी शिजवत होतो, आणि वर तूपही वाढत होतो! तिने घरी येऊन मालिनीताईला फोन लावला. मालिनीताई पुण्याच्या. शेजारच्या कॉम्प्लेक्समधून मोठ्या घरात गेलेल्या, आणि सल्ल्याच्या बाबतीत त्यांची डिलिव्हरी त्याच दिवशी असायची.

"अगं बरोबर सांगितलंन् तिने! आम्ही ऋषीला पहिल्यापासून ओन्ली इंग्लिश. एक शब्द मराठी नाही. बघ ना आता किती फ्लुएंट आहे!"

ऋषी बारा वर्षांचा होता आणि बहुतेक वेळ त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचा. दीक्षाने त्याच्या तोंडून आजवर 'व्हॉटएव्हर' एवढंच ऐकलं होतं. फ्लुएंट होतं ते, यात वाद नाही.

त्या संध्याकाळी जेवताना दीक्षाने नियम जाहीर केला. आजपासून घरात फक्त इंग्रजी.

तिला वाटलं होतं शंकरराव वाद घालतील. त्यांनी घास खाली ठेवला आणि मान हलवली. "क्लिनिकवाली शिकलेली आहे. तू शिकलेली आहे. माझ्या बापाला सही येत नव्हती, मी पार्सल ऑफिसात इंग्रजीत रजिस्टर लिवलं. इंग्रजी वाईट कशी असंल? नातीसाठी करू आपण." आणि मैत्रीकडे वळून, पाठ ताठ करून, "बेबी, प्लीज टेक युअर मील इन गुड कंडिशन."

घरात जे इंग्रजी सुरू झालं ते बघून इंग्रजांनी दीडशे वर्षं उगाच कष्ट घेतले असं वाटलं असतं. राकेशचं इंग्रजी मीटिंगमधलं होतं. "मैत्री, लेट्स फोकस ऑन द राइस." दीक्षाचं इंग्रजी पुस्तकातलं होतं. "मैत्री, व्हाय आर यू नॉट वेअरिंग युअर फुटवेअर?" आणि शंकररावांचं सरकारी. मैत्रीने दूध सांडलं की ते म्हणत, "वन ग्लास मिल्क, रिसीव्ड डॅमेज्ड." वरणाला लेंटिल सूप म्हणायचं ठरलं. पहिल्याच दिवशी राकेश "लेंटिल सूपवर तूप घाल" म्हणाला आणि नवरा-बायकोचं भांडण झालं. तेही इंग्रजीत करायचं, म्हणून अर्ध्यात सोडावं लागलं. दोघांना मनातलं बोलायला शब्दच सापडेनात. अशा भांडणात जिंकणं म्हणजे नुसतं मोठ्याने 'फाइन' म्हणणं.

टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला. गरम बटाटावाला परत आला. शंकरराव पाय जवळ घेऊन गप्प बसत. कधी राहवलं नाही तर म्हणत, "ही इज आउट. अगेन." पण मॅच एकही चुकवत नव्हते.

मैत्री पहिले काही दिवस त्यांच्या मांडीवर चढायची. हनुवटीवर हात ठेवायची आणि थांबायची. शंकरराव मोठ्या कसोशीने म्हणत, "वेरी गुड बेबी. वेरी नाइस." ती थोडा वेळ वाट बघायची. मग हात काढून घ्यायची, खाली उतरायची आणि बाल्कनीच्या काचेपाशी जाऊन बसायची. पुढे पुढे चढायचीच बंद झाली.

दीक्षाने हेही बघितलं. किचनमधून, ओल्या हातांनी, फडकं खांद्यावर. ती पुन्हा भांड्यांकडे वळली. पण तीन महिने म्हणाली होती ना कॅरन? औषध सुरू केल्यावर आधी थोडा त्रास होतोच. अँटिबायोटिकचा कोर्स कुणी मध्येच सोडतं का? मायक्रोबायॉलॉजीने तिला एवढंच दिलं होतं, आणि ते तिने घट्ट धरून ठेवलं.

जुलैच्या शेवटी संघाने आपला सगळ्यात मोठे फटके मारणारा, सगळ्यात वजनदार गडी न्यूयॉर्कला देऊन टाकला. गरम बटाटावाला त्यावर तासभर बोलला. शंकररावांनी तो सगळा तास ऐकला, समजला की नाही कोण जाणे, आणि शेवटी हळूच मराठीत म्हणाले, "घरातला बोलणारा माणूस दिला नं काढून." मग दीक्षाकडे बघून दचकले. "सॉरी. प्लेअर सोल्ड."

ऑगस्टमध्ये मैत्रीचे हातवारेही कमी झाले. आता ती पाण्यासाठी कुणाचा हात धरायची नाही. फ्रिजसमोर जाऊन नुसती उभी राहायची, कुणी बघेपर्यंत. दीक्षा लगेच बघायची, बघण्याचंच तर काम होतं तिला. पण दार उघडताना तिला वाटायचं, एक दिवस ही उभं राहणंही सोडून देईल.

तिने कॅरनला फोन केला. "पेशन्स," कॅरन म्हणाली. मालिनीताईला केला. "घरात कोणीतरी चोरून मराठी बोलत असणार," मालिनीताई म्हणाल्या. "बघ हं, नीट लक्ष ठेव."

म्हणून दीक्षाने लक्ष ठेवलं. सासरे बाथरूममध्ये गुणगुणतात ते कोणत्या भाषेत, हे तिने दाराबाहेर उभं राहून ऐकलं. मग स्वतःचीच लाज वाटून टॉवेल घड्या करायला लागली. त्या टॉवेलांच्या आधीच घड्या होत्या.

सप्टेंबरच्या शेवटी हंगाम संपला. क्लबच्या इतिहासात इतका वाईट हंगाम झाला नव्हता, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. शंकररावांचे सहा महिनेही संपत आले. ऑक्टोबरातल्या दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याला ते नागपुरात हवे होते. ते निघणार होते त्याच आठवड्यात कॅरनची तीन महिन्यांची तपासणी. मैत्रीने या काळात किती शब्द मिळवले याची यादी आई मनातल्या मनात करायला बसायची, आणि बसल्या बसल्या उठायची.

"दीक्षाबेटा," शंकरराव निघण्याच्या आदल्या शनिवारी म्हणाले, आधी इंग्रजीत सुरुवात करून मग अडखळून, "एक परवानगी पाहिजे. आमच्या क्रीडा मंडळात सीझन संपला की वार्षिक अहवाल वाचते सेक्रेटरी. वीस वर्षं मी वाचला. हा सीझन मी आल्या दिवसापासून पाह्यला. याचा अहवाल नाही झाला तर मला घरी गेल्यावर झोप नाही यायची. दहा मिनिटं. पण तो इंग्रजीत नाही होत बाई. इंग्रजीत वाचला तर लोकांना वाटते खरंच आहे."

दीक्षाला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आलं हेही तिच्या लक्षात आलं. "दहा मिनिटं," ती म्हणाली, इंग्रजीत.

दुपारी मालिनीताई आणि त्यांचे यजमान त्र्यंबकराव निरोपाचा चिवडा घेऊन आले होते, त्यामुळे सभेला कोरम झाला. राकेश सोफ्यावर. दीक्षा किचनच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर, घड्याळ दिसेल अशी. मैत्री बाल्कनीच्या काचेपाशी, पाठ करून.

शंकरराव शर्टाची वरची गुंडी लावून टीव्हीच्या शेजारी उभे राहिले. टीव्ही बंद होता. हातात कागद नव्हता. त्यांनी नसलेल्या माईकवर दोनदा टिचकी मारली.

"माननीय अध्यक्ष, वर्गणीदार, हितचिंतक आणि जे नुसते चहाला आले ते. सर्वांना जयभीम. डेट्रॉइट क्रीडा मंडळाचा शहाण्णव सालचा अहवाल सादर करताना कार्यकारिणीला ऊर भरून येऊन राहिला. प्रथम, वर्षभरात ज्या आशा दिवंगत झाल्या, त्यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली..."

त्र्यंबकराव खरोखरच उठून उभे राहिले. मालिनीताईंनी त्यांना शर्ट धरून खाली बसवलं.

"मंडळाने यंदा एकशे नऊ सामन्यांत पराभव संपादन केला. त्रेपन्न सामने अनवधानाने जिंकले गेले. त्याबद्दल कार्यकारिणी दिलगीर आहे, संबंधितांना समज दिलेली आहे."

राकेश मोठ्याने हसला. तसा तो तीन महिन्यांत हसला नव्हता. इंग्रजीत त्याला विनोदच सुचत नव्हते.

"गोलंदाजी विभाग. हा विभाग पहिल्यापासून दानशूर. दारी आलेल्या कोणत्याही गावच्या संघाला विन्मुख पाठवलं नाही. हजारावर धावा गरजूंना वाटल्या. काही धावा तर घेणारे नको नको म्हणत असताना दिल्या. फलंदाजी विभाग. आमच्या मुलांनी हवा इतकी कापली, की मैदानात पंख्याची गरज पडली नाही. अजनीपर्यंत पुष्कळ पोचले. बुटीबोरी बऱ्याच जणांनी लांबून पाहिली. वर्ध्याला जे गेले ते तिथेच राहिले, तिथे त्यांनी आता घरं बांधली असं समजते..."

आवाज चढू लागला होता. मैदान होतं समोर त्यांच्या, लाउडस्पीकर होता, दोरीपलीकडे उकिडवे बसलेले लोक होते. दीक्षाचं लक्ष मात्र घड्याळावर नव्हतं. ते काचेपाशी होतं. मैत्री वळली होती.

ती पाठ काचेला लावून बसली होती आणि ऐकत होती. तोंड जरासं उघडं. मग ती उठली, गालिच्यावरून चालत आली, आणि आजोबांच्या पायाशी उभी राहिली. मान वर करून.

"आता बदल्या! मंडळाचे सर्वांत वजनदार सभासद जुलैअखेर न्यूयॉर्क शाखेत रवाना झाले. त्यांच्या निरोपाला अध्यक्ष आले नाहीत, खजिनदार मात्र नाचत आले. त्यानंतर मंडळात जे घडलं..."

"काका, काका," मालिनीताई एकदम म्हणाल्या. "इंग्लिश, इंग्लिश! मैत्री ऐकतेय!"

शंकररावांचा हात हवेतच राहिला. ते शाळेतल्या मुलासारखे चपापले. खाली बघितलं. नात पायाशी. त्यांनी घसा खाकरला, खांदे सरळ केले आणि जुळवाजुळव करायला लागले. "दि... दि मेंबर वॉज ट्रान्सफर्ड..."

"पुढे," मैत्री म्हणाली.

खोलीतल्या कुणालाच ते लगेच कळलं नाही. शंकररावांना तर अजिबात नाही. सभेत असं कुणीतरी ओरडतंच, आणि वीस वर्षांच्या सवयीने ते उत्तरले, "सांगतो नं बाप्पा, दम धर." आणि मग ते थांबले. राकेशच्या हातातून चिवड्याचे शेंगदाणे खाली पडले.

मैत्रीने कपाळाला आठी घातली. त्यांच्या लेंग्याला धरून हिसका दिला. या वेळी तिचा आवाज खणखणीत होता, थोडा घोगरा, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा, आणि त्यात साफ राग होता. "पुढे!"

"ओ माय गॉड," मालिनीताई म्हणाल्या. मग, बाई स्वभावाने वाईट नव्हती, सल्ला फार असला तरी, "मराठीच ना ते?"

"मग काय जपानी होतं?" त्र्यंबकराव म्हणाले.

सगळे एकदम बोलायला लागले. राकेश गुडघ्यावर बसला, "मैत्री, से इट अगेन, बेटा, काय म्हणालीस, व्हॉट डिड यू से?" मालिनीताईंना वाटत होतं की योगायोगही असू शकतो, मुलं काहीही आवाज काढतात. त्र्यंबकरावांनी कॅमेरा आहे का विचारलं. आणि शंकरराव मुद्दाम गप्प उभे राहिले, ती पुन्हा म्हणते का बघायला. पाच मोठी माणसं श्वास रोखून तीन वर्षांच्याही न झालेल्या एका पोरीच्या तोंडाकडे बघत होती. कॅरनच्या टेबलावर गाय आणि बस दाखवताना बघतात तशीच.

मैत्रीने आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं. मग तिने तोंड मिटलं.

दीक्षाने ते बघितलं. ते मिटणं तिच्या ओळखीचं होतं. तीन महिने ते तिने रोज बघितलं होतं, रोज जेवताना, रोज त्या फ्रिजसमोर, आणि त्याला पेशन्स म्हणून नाव दिलं होतं. ती किचनच्या दारातून बाहेर आली.

"कुणी परीक्षा घेऊ नका तिची," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. जिभेवर ते असं आलं, जसे घट्ट बूट काढल्यावर पाय जमिनीला टेकावेत. "मामाजी, तुम्ही वाचा. अहवाल अर्धा टाकतात का?"

"पण बेटा, क्लिनिकवाली..."

"क्लिनिकवालीशी मी बोलते."

"काय बोलणार तू?" राकेशने विचारलं. त्याचा आवाज घाबरलेला होता, कारण त्यालाही तो नियम हवा होता. नियम असला की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. "म्हणजे, दीक्षा, शी इज द एक्स्पर्ट. आपण कोण ठरवणारे? उद्या शाळेत ही मागे पडली तर?"

"पडली तर पडली. मग उठवू." दीक्षाला स्वतःचाच राग आला होता, पण तो आता कुठेतरी उपयोगी पडत होता. "तिला सांगीन की घरात आम्ही मराठी बोलतो. आमचं इंग्रजी ऐकून मूल गोंधळलंच असतं, राकेश. मीच गोंधळले. लेंटिल सूप! आईच्यान, तीन महिने मी माझ्या लेकीला एक गोष्ट सांगितली नाही. सांगायला गेले की मधेच टेन्स तपासत बसायचे."

"अगं पण..." मालिनीताई सुरू झाल्या.

"मालिनीताई, चहा ठेवते. साखर किती?"

मालिनीताईंना हे पुरेसं कळलं.

शंकररावांनी पुन्हा माईकवर टिचकी मारली, पण या वेळी खाली बसून. गालिच्यावर मांडी घातली, मैत्री समोर. आवाजाला थोडा कंप होता. तो त्यांनी मंडळाच्या नावावर खपवला. "तर, त्यानंतर मंडळात जे घडलं ते सांगताना सेक्रेटरीचा कंठ दाटून येते..." राकेश थोडा वेळ उभाच होता. मग तोही खाली बसला, लेकीच्या मागे, तिला हात न लावता.

दीक्षा आत गेली. चहाचं आधण ठेवलं. आलं किसायला घेतलं आणि ती मध्येच थांबली. एका शब्दाने काय होतं? पुढच्या आठवड्यात कॅरन पोपट डोलावत विचारेल, फक्त एकच? आणि परवा हा माणूस विमानात बसला की घरात इतकं बोलणार कोण? राकेश सकाळी सातला जातो. उरते मी. मला कुठे येतं असं बोलता? मी तर नुसती बघते.

दारात चाहूल लागली. मैत्री आली होती. बाहेर अहवाल चालूच होता, पण आल्याचा वास लागला असावा, किंवा आई इतक्या वेळात एकदाही तिच्या तोंडाकडे बघायला आली नाही याचं नवल वाटलं असावं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

दीक्षाने तिच्याकडे बघायचं टाळलं. फार अवघड गेलं ते. तिने किसणी आपटली आणि भांड्यालाच सांगावं तसं बोलायला लागली. "हे बघ, हे आलं. किती वाकडंतिकडं आहे ते. याला कोणी कधी सरळ उभं राहा म्हटलंच नाही. आता याला किसायचं. किसलं की रस येतो, हाताला चुणचुणतं. मग हे पाण्यात जातं. पाणी अजून थंडच आहे, आळशी मेलं..." शब्द धड येत नव्हते, मध्येच हिंदी घुसत होती, मध्येच इंग्रजी, आणि आवाज मामाजींसारखा चढत नव्हता. फार साधी कॉमेंट्री होती ती. तरी तिने थांबवली नाही. पाण्याला बुडबुडे आले ते सांगितलं, पत्ती टाकली तेही सांगितलं, दुधाचा डबा कालपेक्षा हलका लागतो हेही.

"कुणाशी बोलतेयस गं?" बाहेरून राकेशने विचारलं.

"कामात आहे मी," दीक्षा म्हणाली, आणि साखरेचं सांगायला लागली.

 मैत्रीने ओट्याखालचा स्टूल ओढला, त्यावर चढली, आणि आईच्या तोंडाकडे बघत बसली.